बुडाचे सात थर आणि 65 मिलिमीटरचं पातं

बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस धरायला शिकवली. त्यामुळे कुणी एखाद्या हत्याराबद्दल "एक नंबर आहे, घेऊन टाका" म्हणालं की मी आधी विचारतो, कशावर चालवलंस आणि किती तास? माझं उत्तर असं: बाहको 665 हा कार्बाइड पात्याचा हात-स्क्रॅपर, 24 फुटी फायबर होडीच्या बुडावर, जुना रंग खरवडायला, नऊ सकाळी, रोज तीनेक तास. आधी तीन वेगळे उपाय करून पस्तावलो होतो. एका उपायाचा व्रण होडीवर अजून आहे.

होडी मेहुण्याच्या भागीत गोव्याहून जुनी घेतली, तीन वर्षं झाली. रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत नांगरून असते. गळ टाकायचा, पाहुणे आले की त्यांना मुखापर्यंत फिरवून आणायचं, एवढाच तिचा संसार. रोज वाळूवर ओढून ठेवता येते त्या होडीला बुडाचा रंग लागतच नाही. बारा महिने पाण्यात उभ्या राहणाऱ्या होडीला अँटीफाउलिंग, म्हणजे जीव चिकटू न देणारा रंग, नाही मारला, तर शेवाळ, बार्नेकल, कालवं असा सगळा बाजार तिच्या पोटाला चिकटतो आणि इंजिन दुप्पट पेट्रोल पिऊनही होडी हलायला तयार होत नाही.

गेल्या वर्षी मी सगळ्यांसारखंच केलं. पॉलिशपेपर फिरवला, वरून दोन हात मारले. दिवाळीपर्यंत रंग पापडासारखा सुटायला लागला. एक पापुद्रा घरी आणून भिंगाखाली त्याची कड बघितली. तांबडा, निळा, पुन्हा तांबडा, काळा, तांबडा, निळा आणि सगळ्यात वर माझा तांबडा. सात थर, दहीहंडीच लावलेली! मायक्रोमीटरवर जाडी भरली 1.2 मिलिमीटर. दोष माझ्या रंगाचा नव्हताच. तो खालच्याला घट्ट धरून होता, पण खालच्याने त्याच्या खालच्याला सोडलं होतं.

असे थर साचतात ते मुख्यतः कडक जातीच्या रंगाने. त्यातलं क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग, हळूहळू पाण्यात जातं आणि नुसता सांगाडा मागे उरतो. दरवर्षी त्या मेलेल्या सांगाड्यावर नवा थर चढतो. दुसरी जात झिजणारी. होडी चालली की ती साबणासारखी थोडी थोडी उतरते, त्यामुळे साचते कमी. माझ्या होडीवर पूर्वीच्या मालकांनी दोन्ही जाती एकमेकांवर मारल्या असाव्यात, कारण मधला तांबडा थर नखाने निघायचा आणि त्याखालचा काळा छिन्नीला दाद देईना.

तेव्हा ठरवलं, या वेळी जेलकोटपर्यंत, म्हणजे फायबरवरच्या मूळ गुळगुळीत थरापर्यंत जायचं. चैत्री पौर्णिमेच्या उधाणाला होडी वर घेतली आणि ओंडक्यांवर टेकू देऊन उभी केली. 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते, तेव्हा सगळ्याच होड्या वर येतात आणि मग किनाऱ्यावर जागाही मिळत नाही, माणूसही मिळत नाही. म्हणून घाई. बुडाचं क्षेत्रफळ काढायला लांबी गुणिले रुंदी गुणिले 0.85 हा ढोबळ हिशेब चालतो. 24 गुणिले साडेसात गुणिले 0.85, म्हणजे सुमारे 153 चौरस फूट. ऐकायला एका खोलीच्या भिंतीपेक्षा जास्त नाही. फरक इतकाच की ही भिंत तुमच्या डोक्यावर असते आणि तुम्ही तिच्याखाली उताणे.

पहिला उपाय हार्डवेअरच्या दुकानातल्या पेंट रिमूव्हरचा. दुकानदार म्हणाला, कुठलाही रंग काढतो. डब्यावर मेथिलीन क्लोराइड लिहिलेलं होतं. लोखंडी गेटवर तो खरोखरच चमत्कार करतो, ते मी स्वतः बघितलंय. पण फायबरचा जेलकोट म्हणजे पॉलिएस्टर रेझिन, तेही प्लास्टिकच. रिमूव्हरला रंग कुठला आणि होडी कुठली हे कळत नाही. नशीब, मागच्या फळीवर तळहाताएवढ्या जागेतच लावून बघितला. वीस मिनिटांनी रंग निघालाच, त्याच्या पाठोपाठ जेलकोट चघळलेल्या च्युइंगगमसारखा मऊ झाला. डबा परत गेटसाठी ठेवून दिला. त्याची वाफही वाईट. अमेरिकेत घरगुती वापरासाठी तो विकायला 2019 पासून मनाई आहे, ती उगाच नाही.

दुसरा उपाय, माणूस लावणं. एक जण आला, म्हणाला चार तासांत साफ करून देतो, आणि त्याने पिशवीतून अँगल ग्राइंडर काढला. मी चहा आणायला घरात गेलो. ही चूक माझी. परत येतो तर नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, फूटभर अंतरावर चंद्रकोरीच्या आकाराचे तीन खड्डे आणि त्यांत काचेच्या धाग्यांची वीण दिसायला लागलेली. जेलकोट असतोच किती? अर्धा मिलिमीटर, फार तर थोडा जास्त. ग्राइंडरची चकती तेवढं एका श्वासात खाते. त्याला दिवसाची मजुरी दिली, चहा दिला आणि निरोप दिला. फायबरच्या बुडाजवळ ग्राइंडर आणि पॉलिशपेपरचा पट्टा फिरवणारा बेल्ट सँडर दोन्ही येऊ देऊ नका. हीट गनही नको, तापलेल्या रंगाचा धूर छातीत जातो आणि जेलकोट भाजतो तो वेगळाच.

तिसरा उपाय बराच शहाणा होता: फायबरला चालणारा, बेंझिल अल्कोहोलचा जेलसारखा स्ट्रिपर. मुंबईहून मागवला. याला वास जवळजवळ नाहीच, असलाच तर बदामासारखा पुसट. ब्रशने जाड थर द्यायचा, वरून प्लास्टिकचा कागद चिकटवायचा आणि चार-सहा तास वाट बघायची. डब्यावरच्या सूचना मात्र थंड देशातल्या असाव्यात. आमच्याकडे एप्रिलच्या उन्हात दहा वाजताच त्याची साय धरली आणि कागद उचलेपर्यंत चामडं झालं. मग संध्याकाळी सहाला लावून रात्रभर कागदाखाली ठेवायला लागलो. तेव्हा जमलं. एका रात्रीत तीन थर मऊ व्हायचे, सकाळी लाकडी पट्टीने लगदा निघायचा. पण माझ्याकडे सात थर होते. म्हणजे प्रत्येक जागेवर दोन, क्वचित तीन फेऱ्या. डब्यांचा हिशेब मांडला आणि मेहुण्याला सांगितला. तो फोनवर इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं लाइन गेली.

मग पुतण्याने स्क्रॅपरचं सुचवलं. मी म्हटलं, अरे, हाताने? मी साठीचा, तू दिवसभर मोबाईलवर. तो म्हणाला, "काका, मागवून तर बघू. नाही चाललं तर दारं खरवडायला होईल."

बाहको म्हणजे ते स्वीडनचं जुनं नाव, आपल्या वर्कशॉपमध्ये ॲडजस्टेबल पान्यावर कोरलेलं असतं तेच. त्यांच्या या 665 ला टंगस्टन कार्बाइडचं 65 मिलिमीटर रुंद पातं आहे. पात्याला दोन धारा, एक बोथटली की स्क्रू सैल करून उलटं फिरवायचं. मागे लांब मूठ आणि पात्याच्या बरोब्बर डोक्यावर एक गोल गठ्ठू. या गठ्ठूतच सगळी करामत आहे. एक हात मुठीवर ओढायला, दुसरा गठ्ठूवर दाबायला. जोर जिथे हवा तिथे, पात्याच्या पाठीवर पडतो. साध्या पत्र्याच्या पट्टीने आपण रंग ढकलतो, आणि ढकलताना हात सुटला की टोक जेलकोटात रुततं. हा ओढायचा असतो. ओढताना काबू सुटत नाही. रंधा आपण ढकलतो, जपानी सुतार ओढतात, त्यांना विचारा.

चालवण्याआधी एक काम मात्र करायचंच. पात्याचे कोपरे काटकोनात असतात. हे हत्याराचं दुखणं नव्हे, ते खिडकी-दारांच्या लाकडासाठी घडवलंय आणि तिथे काटकोनच लागतो. होडीच्या गोलाईवर मात्र तोच कोपरा नांगर होतो. म्हणून चारही कोपरे दीड मिलिमीटरच्या त्रिज्येने गोल करून घेतले. साधी कानस इथे उपयोगाची नाही, कार्बाइडवर ती नुसती घसरते आणि स्वतःचेच दात घालवते. डायमंडची छोटी कानस लागते. दहा मिनिटांचं काम. मी पोरांना नेहमी सांगायचो की हत्यार विकत मिळतं ते अर्धं, उरलेलं अर्धं आपण करायचं असतं. पोरं हसायची.

पहिल्या सकाळी दोन तास नुसता हात बसायला गेले. पातं सपाट धरलं की घसरतं, फार उभं धरलं की थरथरतं आणि बुडावर धोबीफळीसारख्या लाटा उठतात. पंचेचाळीस अंशांच्या आसपास कुठेतरी एक जागा सापडते, तिथे रंग खोबरं खवल्यासारखा निघायला लागतो. आणि आवाज ऐकायचा. रंगावर करकर येते. जेलकोट लागला की आवाज एकदम पातळ होतो, ताटावर चमचा ओढल्यासारखा. तो ऐकला की हात उचलायचा. डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त काम झालं. आमच्या होडीला जेलकोटवर राखाडी प्रायमर निघाला, ती आणखी एक खूण. राखाडी दिसला की तिथे थांबायचं, उरलेलं पॉलिशपेपरला ठेवायचं.

उन्हाचाही हिशेब आहे. सकाळी सात ते दहा रंग ठिसूळ असतो, कपचे उडतात. अकरानंतर तोच झिजणारा थर तापून मऊ होतो आणि पात्यावर गुळासारखा चिकटतो. म्हणून रोज सकाळी तीनच तास. नऊ सकाळी म्हणजे सत्तावीस तास, त्यात 153 फुटांतले सुमारे 130 फूट साफ झाले. ताशी पाच फूट. ग्राइंडरवाला ऐकेल तर हसेल.

उरलेले वीस-बावीस फूट या पात्याच्या आवाक्यातले नव्हते. सरळ धार आतल्या वळणात जात नाही. बुडाच्या दोन्ही बाजूंच्या कंगोऱ्यांखाली, पठाणाच्या, म्हणजे होडीच्या कण्याच्या, कुशीत आणि खोली मोजायच्या यंत्राच्या सेन्सरभोवती. तिथे तोच बदामी वासाचा स्ट्रिपर कामाला आला. उरलेला अर्धा डबा पुरला. म्हणजे तो उपाय वाईट नव्हता, मी त्याला सगळं शेत नांगरायला लावलं होतं. नंतर पाण्याने आणि साबणाने तीनदा धुतलं, कारण स्ट्रिपरचा अंश राहिला तर पुढचा कुठलाच रंग धरत नाही.

मग सँडर. 125 मिलिमीटरचा रँडम ऑर्बिटल, मऊ पॅड, 80 नंबरचा पेपर, चार सकाळी. त्याची धुळीची डब्बी कामाची नाही, ती तीन मिनिटांत भरते. व्हॅक्यूमची नळीच जोडायला हवी. पुतण्याने एका जागी तांबडा ठिपका राहिला म्हणून सँडर तिथेच दाबून धरला. ठिपका गेला, जेलकोटही गेला. तो ठिपका जेलकोटाच्या बारीक छिद्रात बसलेला होता, राहिला असता तर कुणाचंही काही बिघडलं नसतं.

आता मास्क. हा परिच्छेद कुणी वगळू नये. हा रंग बनलाच आहे जीव मारायला. पहिल्या दिवशी मी तोंडाला पंचा बांधून अर्धा तास खरवडलं आणि दुपारी जेवताना आमटीला पैशाची चव आली, लहानपणी तांब्याचं नाणं जिभेवर ठेवल्यासारखी. त्या दिवसापासून थ्रीएमचा 6200 हाफ मास्क आणि 2091 चे गुलाबी फिल्टर. हे फिल्टर धुळीसाठी. रसायनांच्या वाफेसाठी वेगळी कार्ट्रिज लागते, गुलाबी फिल्टर वाफ अडवत नाही, आणि मेथिलीन क्लोराइडच्या वाफेला तर साधी कार्ट्रिजही पुरत नाही. गॉगल, अंगभर सूट, आणि खरवडताना फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारत राहायचं म्हणजे धूळ उडत नाही. दाढीवर मास्क बसत नाही, कडेने हवा शिरते. पुतण्याने दोन वर्षं जोपासलेली दाढी उतरवली. वहिनीने मला फोन करून आभार मानले.

होडी जुनी आहे, म्हणून आणखी एक भीती होती. सगळ्यात खालच्या तांबड्या थरात टिनचा रंग, म्हणजे ट्रायब्युटिलटिन असेल तर? एके काळी हाच जगभर वापरात होता. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत त्याने कालवांची पुढची पिढीच खुंटवली, मोठ्या कालवांचे शिंपले नुसतेच जाड आणि वेडेवाकडे होऊ लागले. फ्रान्सने 1982 मध्ये 25 मीटरपेक्षा लहान होड्यांवर त्याला बंदी घातली. जगाचा करार 2001 साली झाला आणि लागू व्हायला 2008 उजाडलं. माझ्या थरात ते आहे की नाही हे प्रयोगशाळेतच कळेल. मी आहे असंच धरून चाललो. भाट्याच्या खडकावरची कालवं मी स्वतः खातो हो!

म्हणून खाली दोन ताडपत्र्या एकावर एक, कडा विटांनी उचललेल्या आणि रोज संध्याकाळी झाडून सगळं पिंपात. वजन केलं, 23 किलो. एवढा ऐवज ती होडी पोटाला बांधून फिरत होती. शेजारचे तांडेल, म्हणजे जुने नाखवा, रोज सकाळी काठी टेकत यायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "काय मास्तर, होडी सोलताय की नारळ?" पिंप बघितल्यावर म्हणाले, "आमच्या वेळी डांबर आणि चुना. खरवडून तिथेच टाकायचो, भरती येऊन घेऊन जायची." मग जरा वेळ खाडीकडे बघत बसले. अशा कचऱ्याची रीतसर सोय तळोज्याला आहे, कारखान्यांसाठी. एका मास्तराचं 23 किलोचं पिंप तिथपर्यंत कसं जावं हे मला अजून सुटलेलं नाही. झाकण सील करून ते पडवीत ठेवलंय. बायको रोज त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे.

बूड उघडं पडल्यावर खरी गोष्ट दिसली. डाव्या बाजूला अकरा फोड, तुरीच्या डाळीएवढ्यापासून जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढे. एक सुईने टोचला तर आतून पाणी चिळकांडी मारून आलं (गॉगल होता), वास व्हिनेगरचा. याला ऑस्मोसिस म्हणतात. पाणी जेलकोटमधून आत झिरपतं, रेझिनमधलं काहीबाही विरघळवतं, ते दाट आंबट पाणी आणखी पाणी ओढून घेतं आणि दाबाने फोड येतो. सात थरांखाली हे कुणालाच दिसलं नसतं. सगळे फोड उघडून गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले.

यावर एपॉक्सीचा बॅरियर कोट, म्हणजे पाणी अडवणारा थर हवा, चार-पाच हात, एकूण पाव मिलिमीटरच्या आसपास. तो ओल्या फायबरवर मारला तर ओल आतच कोंडते. मी फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवला. सकाळी आतून दव जमलेलं. आठ दिवसांनी पुन्हा, तेच. मे महिन्यात आमच्याकडे पापड वाळतात, फायबर वाळत नाही. मेहुण्याचं म्हणणं, मार एकदाचा आणि उतरव पाण्यात. मी ऐकलं नाही. वर पत्र्याची शेड केलीय, फोडांचे आणि त्या तीन चंद्रकोरींचे खड्डे तसेच उघडे ठेवलेत, पावसाळा जाऊ दे. नोव्हेंबरात वारा कोरडा झाला की प्लास्टिक परत चिकटवून बघेन. कोरडं निघालं तर खड्ड्यांत एपॉक्सीची लांबी (पुट्टी), बॅरियर कोट आणि वरून झिजणाऱ्या जातीचा रंग. इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या पायाला तांब्याचा रंग लागू द्यायचा नाही, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आधी खलास. या हंगामात गळ तांडेलांच्या मुलाच्या होडीवरून टाकू.

किमतीचं विचाराल तर स्क्रॅपर, एक जादा पातं आणि डायमंड कानस मिळून त्या ग्राइंडरवाल्याच्या मजुरीच्या तिप्पट पडले, स्ट्रिपरच्या सगळ्या डब्यांच्या हिशेबापुढे मात्र काहीच नाही. पाती रत्नागिरीत मिळाली नाहीत, त्यामुळे मागवतानाच एक जास्तीचं मागवा. कडक रंगावर एक धार साधारण पन्नास फूट नीट चालते, मग नुसती घासते. ज्याची पाठ किंवा खांदा दुखरा आहे त्याने या फंदात पडू नये. मला पहिले चार दिवस रात्री शर्ट काढायला बायकोची मदत लागली.

दोन पाती, चार धारा. तीन संपल्या. परवा मिरकरवाड्याहून एक ओळखीचा पोरगा आला, त्याच्याही होडीचा रंग सुटलाय, स्क्रॅपर चार दिवस देता का म्हणाला. चौथी धार पुढे करून पातं बसवून ठेवलंय. मास्क विकत घेऊन ये आणि दाखव, मग देतो, असं सांगून पाठवलाय. अजून आलेला नाही.